रंगलेली भिंत आणि नवा गिलावा

(नभोवाणीवरील भाषण)

दिवाळी जवळ आली म्हणजे आपल्या घराघरांतून भिंतींची डागडुजी सुरू होते. पावसाळ्यानें जेथें पोपडे धरले असतील तेथें ते काढावयाचे, जेथें भिंत खालींवर झाली असेल तेथें गिलाव्याचा हात फिरवावयाचा, आणि मग रंगाऱ्याला बोलवावयाचें, असा हा दरवर्षींचा क्रम आहे. या दिवसांत एक तक्रार मला हटकून ऐकावी लागते. माझे केस बांधकामाच्या धंद्यांत पांढरे झाले, पण ती ऐकल्यावांचून एकहि हंगाम गेला नाहीं. ती तक्रार अशी: "अहो, सिमेंट उत्तम आणलें, वाळू चाळून घेतली, पैशाकडे पाहिलें नाहीं; आणि वर्षाच्या आंत सारा गिलावा पापडासारखा सुटून आला! गवंडी लबाड निघाला."

मी विचारतों, "त्या भिंतीवर पूर्वीं काय होतें?"

"तैलरंग होता. अगदीं नव्यासारखा होता, म्हणून तर तो खरवडला नाहीं!"

असें उत्तर आलें म्हणजे गवंड्याचा अर्धा अपराध मी मनांतल्या मनांत माफ करतों.

एकदां रंग दिलेल्या भिंतीवर नवा गिलावा कसा धरावा, हा आजचा माझा विषय आहे. या विषयांतलें मर्म मला जेथें नीट उमगलें ती जागा बांधकामाची एकादी शाळा नव्हे. ती आहे पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यांतील झरी हें गांव.

झरीचें नांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं इतिहासाच्या संदर्भांत ऐकलें असेल. २३ मे १९४५ रोजीं याच गांवीं हजारों वारली एकत्र जमले, आणि जमीनदारांच्या शेतांवर वेठीनें राबावयाचें नाहीं असा निश्चय त्यांनीं केला. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनीं पुढें 'जेव्हा माणूस जागा होतो' या आपल्या पुस्तकांत लिहून ठेवली आहे. मी मात्र तेथें गेलों तो इतिहासाच्या शोधार्थ नव्हे, तर एका लग्नघरच्या भिंतीसाठीं.

ही भिंत समजावयाची तर वारल्यांचें जुन्या पद्धतीचें घर आधीं डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. हें घर कुडाचें असतें. कारवीच्या काठ्या जवळजवळ बांधून कूड उभा करतात, आणि त्यावर माती व शेण यांचा लेप देतात. त्या मातींत भाताचा तूस किंवा पेंढ्याचे बारीक तुकडे घातलेले असले म्हणजे ती वाळतांना फाटत नाहीं. लेप सुकला कीं त्यावर सारवण, आणि सारवणावर गेरूचा हात. घरांत लग्न निघालें म्हणजे याच तांबड्या भिंतीवर, तांदुळाचें पीठ पाण्यांत कालवून, पांढऱ्या रेघांनीं चौक काढला जातो. चौक काढतात त्या सुवासिनी. आणि गाणीं म्हणून लग्नाचा विधि चालविते ती धवलेरी. लग्नचौकाच्या मध्यभागीं पालघट देवी असते, देवचौकांत पंचशिऱ्या देव असतो, आणि भोंवतीं झाडें, पाखरें व माणसें.

हीं चित्रें १९७० नंतरच्या दशकांत कागदावर व कापडावर उतरलीं आणि जगभर गेलीं. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली, हें आपणांस ठाऊक असेलच. परंतु कागदावरच्या चित्राचें आयुष्य निराळें आणि भिंतीवरच्या चित्राचें निराळें. भिंतीवरचा चौक चुलीच्या धुरानें आणि पावसाळ्याच्या ओलीनें फिका पडत जातो, पुढल्या सारवणाखालीं झांकला जातो, आणि घरांत दुसरें लग्न निघालें कीं त्याच जागीं नवी माती, नवा गेरू आणि नवा चौक येतो. म्हणजे, रंग दिलेल्या भिंतीवर नवा लेप बसविणें हें जें काम आपल्या शहरांतल्या गवंड्याला जड जातें, तें या घरांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सहजपणें करीत आल्या आहेत.

आतां त्या लग्नघराची गोष्ट सांगतों. त्या कुटुंबानें कुडाचें घर काढून विटांचें पक्कें घर बांधलें होतें, आणि आंतल्या भिंतींना हिरवा, चकचकीत तैलरंग दिला होता. धाकट्या नातवाचें लग्न ठरलें, तेव्हां घरांतल्या आजीनें आग्रह धरला कीं, चौक निघेल तो मातीवरच निघेल. नातवंडांनीं तिचा शब्द मोडला नाहीं. अंगणांत माती भिजविली, शेण मिसळलें, तूस घातला, आणि भिंतीवर चार हात लांबरुंद असा लेप दिला. संध्याकाळपर्यंत तो सुरेख दिसत होता. दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्याच्या कडा वर उचलल्या, आणि तिसऱ्या दिवशीं पहाटे तो मोठमोठ्या तुकड्यांनीं खालीं आला. मीं एक तुकडा उचलून पाहिला. त्याची मागची बाजू इतकी गुळगुळीत होती कीं, जणूं ताटांतून सोडविलेली वडीच! हिरव्या रंगाचा कणभरहि तिला लागलेला नव्हता.

लग्न पांच दिवसांवर आलें होतें. माझ्या परिचयाच्या एका शिक्षकांनीं मला तेथें नेलें होतें, आणि घरचीं माणसें मोठ्या आशेनें माझ्या तोंडाकडे पाहत होतीं. मी सिमेंटच्या आणि चिकट द्रव्यांच्या हिशेबांत गढून गेलों असतांना आजी उठली. तिनें हात पाण्यांत बुडविला आणि त्या हिरव्या भिंतीवर फिरविला. पाण्याचे थेंब झाले आणि ते घरंगळत खालीं आले. मग आपल्या बोलींत ती जें म्हणाली त्याचा अर्थ असा: "ही भिंत पाणी पीत नाहीं. जी पाणी पीत नाहीं, ती माती कशी धरील?"

श्रोतेहो, गिलाव्याचें बहुतेक सारें शास्त्र या एका वाक्यांत आहे. तें आपण थोडें उलगडून पाहूं.

गिलावा भिंतीला धरतो तो मुख्यतः दोन कारणांनीं. पहिलें कारण भिंतीचा खडबडीतपणा. ओला गिलावा खांचाखोंचांत शिरतो, तेथें घट्ट होतो, आणि मग दांत रोवल्यासारखा बसतो. दुसरें कारण भिंतीची तहान. वीट, माती, चुना यांच्या अंगीं असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. ओला लेप लागतांच भिंत त्यांतलें पाणी ओढून घेते, आणि पाण्याबरोबर मातीचे, चुन्याचे किंवा सिमेंटचे अतिसूक्ष्म कण त्या छिद्रांपर्यंत पोंचतात. तेथें ते कठीण झाले म्हणजे भिंत आणि लेप यांची गांठ पडते.

तैलरंग हीं दोन्ही दारें बंद करतो. खांचा भरून तो भिंत गुळगुळीत करतो, आणि छिद्रें बुजवून तिची तहान मारतो. पाणी आंत जाऊं शकत नाहीं, म्हणून तें लेपाच्या आणि रंगाच्या मध्यें सांचून राहतें, आणि नेमक्या त्याच जागीं लेप दुबळा होतो. पुढें लेप वाळूं लागला म्हणजे आकसतो, कडा ओढल्या जातात, आणि ज्याला कोठेंच पकड नाहीं तो लेप सबंध सुटतो. सिमेंट किंवा चुना असला तर आणखी एक संकट असतें. हे दोन्ही पदार्थ ओले असतांना तीव्र क्षारयुक्त असतात. तेल आणि क्षार एकत्र आले म्हणजे काय होतें, हें साबण करणाऱ्या कोणालाहि विचारावें. तैलरंगांतील तेलकट अंशाचा पृष्ठभागावर हळूहळू साबणच बनतो, आणि आपला गिलावा त्या साबणावर उभा राहतो!

येथें कोणी विचारील कीं, वारल्यांच्या भिंतीवरहि रंग असतोच ना? मग तेथें नवी माती कशी धरते? त्याचें उत्तर असें कीं, गेरू ही मुळांत मातीच आहे. ती भिंतीवर कातडें धरीत नाहीं. पाण्याला वाट देते. आणि चौक म्हणजे रेघा. दोन रेघांच्या मध्यें भिंत उघडी असते. पुन्हां तांदुळाचें पीठ तैलरंगासारखें पाण्याला अडवून धरीत नाहीं. ओल्या हातानें चोळलें कीं तें हलतें आणि नव्या मातीला जागा करून देतें. जुना लेप, गेरू, पीठ आणि नवी माती हीं सारीं एका स्वभावाचीं आहेत. सर्वांना पाणी चालतें, म्हणून सर्वांचें एकमेकांशीं जमतें.

आपल्या प्राचीन कारागिरांनाहि ही गोष्ट ठाऊक होती. अजिंठ्याच्या लेण्यांत जेथें चित्रें काढावयाचीं होतीं तेथील खडक त्यांनीं घोटून गुळगुळीत केला नाहीं. छिन्नीचे घाव तसेच खडबडीत ठेवले, त्यावर तूस व वनस्पतींचे तंतू घातलेल्या मातीचा गिलावा धरला, वर पातळ पांढरा लेप दिला, आणि मग कुंचला हातांत घेतला. ते घाव म्हणजे आळस नव्हता. गिलाव्यासाठीं केलेली ती तयारी होती.

आतां आपण आपल्या शहरांतल्या घराकडे वळूं. गवंड्याला बोलावण्यापूर्वीं गृहिणीनें किंवा गृहस्थानें तीन साध्या परीक्षा कराव्यात.

पहिली परीक्षा आजीची. भिंतीवर पाणी शिंपडावें. पाणी शोषलें जाऊन डाग काळसर झाला तर भिंत तहानलेली आहे. थेंब घरंगळले तर रंगानें तोंड मिटलें आहे. दुसरी परीक्षा चिकटपट्टीची. रंगावर ती घट्ट दाबून एकदम ओढावी. पट्टीबरोबर रंग निघाला, तर तो रंग स्वतःच भिंतीला नीट धरून नाहीं असें समजावें. तिसरी परीक्षा बोटाच्या पेराची. भिंत ठोकीत जावें. जेथें मडक्यासारखा पोकळ आवाज येईल, तेथें जुना गिलावाच सुटलेला आहे, आणि तो विटेपर्यंत काढल्यावांचून गत्यंतर नाहीं.

या परीक्षांवरून उपाय ठरतो. चुन्याची सफेदी किंवा साधा डिस्टेंपर असेल तर तो पाणी पितो खरा, परंतु तो भुकटीसारखा असतो. हात फिरविला तर हाताला लागतो. त्यावर धरलेला गिलावा त्या भुकटीलाच धरील, भिंतीला नव्हे. म्हणून तो ओला करून खरवडावा, आणि काथ्याच्या ब्रशानें धुवून काढावा. प्लॅस्टिक इमल्शनचा रंग म्हणजे एक पातळ कातडें असतें. ओल्या गिलाव्याखालीं तें फुगतें आणि सुटतें; म्हणून तेंहि काढावें. तैलरंग तर काढावाच काढावा. मग छिन्नी-हातोडीनें दोन-दोन बोटांच्या अंतरावर टाचे मारावेत, म्हणजे खालचा खडबडीत अंश उघडा पडेल. टाचे मारल्यावर भिंत झाडावी, धुवावी, आणि गिलाव्याच्या आदल्या दिवशीं चांगली भिजवावी. कारण तहानलेली भिंत हवी, तरी अति तहानलेली नको. ती गिलाव्यांतलें सारें पाणी एकदम ओढून घेते, आणि सिमेंटला घट्ट होण्यापुरतेंहि उरत नाहीं. गिलावा धरतेवेळीं भिंत ओलसर असावी, पण वर पाणी चमकतां कामा नये. प्रथम पातळ राळा जोरानें मारावा, तो धरला कीं मग गिलावा चढवावा, आणि सिमेंटचा असेल तर निदान सात दिवस त्यावर पाणी मारावें.

बाजारांत एक दुधासारखें पांढरें, चिकट द्रव्य मिळतें. तें रंगावर लावा आणि बिनधास्त गिलावा करा, असें कित्येक दुकानदार सांगतात. तें द्रव्य खोटें नाहीं. तें रंगाला धरील आणि गिलाव्यालाहि धरील. पण रंग भिंतीला कितपत धरून आहे, याची हमी तें द्रव्य कशी देणार? सांखळी तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकीच बळकट असते. जुना रंग ही जर दुबळी कडी असेल, तर वरच्या कड्या पोलादाच्या करून उपयोग काय?

दोन सूचना आरोग्याच्या आहेत, त्या विसरूं नयेत. जुन्या तैलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम २०१६ सालीं झाला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींचा रंग कोरडा घासूं नये. पाणी मारून खरवडावा, तोंडाला फडकें बांधावें, आणि मुलांना त्या खोलींतून दूर ठेवावें. दुसरी सूचना वजनाची. बारा मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा गिलावा एका चौरस मीटरला सुमारें २४ किलो भरतो. असा तुकडा छतावरून किंवा उशाच्या भिंतीवरून सुटला तर काय होईल, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. डहाणू-तलासरीच्या भागांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहान लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, आणि तेथल्या लोकांनीं कित्येक रात्री घराबाहेर काढल्या. बळकट भिंत असल्या लहान धक्क्यानें पडत नाहीं. पण सुटलेला गिलावा पडण्यास तो धक्का पुरेसा होतो. म्हणून 'भिंत वरून चांगली दिसते' एवढ्यावर कोणीं समाधान मानूं नये.

आतां झरीच्या त्या भिंतीचें पुढें काय झालें तें सांगतों. रंग खरवडून टाचे मारावेत असें मीं सुचविलें. घरच्या मंडळींना तें पटलें. पण नवी, हौसेनें रंगविलेली भिंत फोडावयास कोणाचा हात उचलेना. पुन्हां आजीच पुढें झाली. परसांत जुन्या घराच्या कारवीच्या काठ्या रचून ठेवल्या होत्या, त्यांकडे तिनें बोट दाखविलें. भिंत माती धरीत नसेल तर भिंतीला कूड बांधा, असें तिचें म्हणणें होतें. मी क्षणभर ओशाळलों. रंग काढणें शक्य नसेल तेव्हां भिंतीवर तारेची जाळी खिळ्यांनीं पक्की बसवावी आणि गिलावा त्या जाळीला धरावा, हा उपाय आम्ही रोज वापरतों. पाश्चात्य देशांत पूर्वीं लाकडाच्या पट्ट्या ठोकून त्यांवर गिलावा करीत, तोहि हाच प्रकार. ओला लेप फटींतून मागें जातो, तेथें वळतो, आणि आंकड्यासारखा अडकून बसतो. मग मागच्या भिंतीला पाणी पाजण्याची गरजच उरत नाहीं. हें सारें मला पाठ होतें. पण समोर कारवी पडलेली असतांना तें मला सुचलें नाहीं, आणि आजीला सुचलें.

त्याच दिवशीं दुपारीं कारवीचा कूड बांधून तो सहा मोठ्या खिळ्यांनीं भिंतीला पक्का केला. आजीनें स्वतः मातीचा पहिला हात दिला. बोटांनीं ती माती काठ्यांच्या फटींत दाबून बसवीत होती. उन्हाळ्याचे दिवस होते. तीन दिवसांत लेप खडखडीत वाळला. भेगा पडल्या त्या केसासारख्या, आणि त्याहि सारवणानें बुजल्या. मग गेरू लागला, आणि लग्नाच्या आदल्या दिवशीं सुवासिनींनीं चौक काढला. हिरव्या भिंतीवर तो तांबडा चौकोन असा शोभत होता कीं, पाहुणे मंडळी आंत येतांच आधीं तेथेंच थबकत होती.

पुढल्या वर्षीं त्या बाजूस गेलों असतां मी मुद्दाम त्या घरीं डोकावलों. कूड जागच्या जागीं होता, पण चौक दिसेना. त्यावर नवें सारवण झालें होतें. घरांत दुसऱ्या नातवाच्या लग्नाची बोलणीं चाललीं होतीं. मीं विचारलें, "आजी, चौक कोठें गेला?"

आजीनें तळहात भिंतीवर ठेवला आणि म्हणाली, "आंत आहे."

आपल्या घरीं या दिवाळींत गवंडी येईल, तेव्हां त्याच्याशीं दराची घासाघीस करण्याआधीं एक तांब्याभर पाणी घेऊन भिंतीपाशीं उभे राहा. भिंतीनें तें पाणी घेतलें, तर ती नवा गिलावाहि घेईल. न घेतलें, तर दोन दिवस तिच्या तयारीसाठीं द्या, आणि त्या दोन दिवसांची मजुरी गवंड्याला आनंदानें द्या. गिलाव्याच्या साऱ्या खर्चांत सर्वांत अधिक उपयोगीं पडणारा पैसा तोच आहे.